गोधडीसाठी चिंध्या निवडणं आणि कापणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोधडी शिकायला आलेली प्रत्येक जण आधी टाक्याबद्दल विचारते. टाका म्हणजे साधा धावदोरा, तो दोन दुपारींत हातात बसतो. अडतं त्याच्या कितीतरी आधी, जुन्या कपड्यांचं बोचकं सोडलं आणि पुढ्यात ढीग पडला की. खालचे सगळे प्रश्न त्या ढिगाबद्दलचे आहेत. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे जिला वाकळ म्हणतात आणि पुण्या-नाशकाकडे गोधडी, तिला डोळ्यांपुढे ठेवून उत्तरं दिली आहेत.

ढीग बघूनच गांगरायला होतं. सुरुवात कुठून करू?

बहुतेक जणी रंगांपासून सुरुवात करतात. निळे इकडे, लाल तिकडे. दिसायला छान दिसतं, पण उपयोग शून्य. रंग सगळ्यात शेवटी. आधी डोळे मिटून तुकडा दोन बोटांत चोळून बघा आणि कापड काय जातीचं आहे आणि त्याच्यात किती जीव उरलाय, एवढ्या दोनच गोष्टी ठरवा.

माझ्याकडे सात ढीग पडतात. अंगात जोर असलेलं सुती. सुतीच, पण विरलेलं. टेरिकॉटसारखं सुती-पॉलिएस्टर मिश्र. रेशमी, जरीचं आणि खण. जॉर्जेट-शिफॉनसारखं हातातून सुळकन घसरणारं. जीन्स आणि पडद्यांचं जाड. आणि टीशर्ट-बनियनचं ताणणारं होजिअरी. पहिल्या खेपेला एवढं जमलं नाही तरी सुती आणि बिनसुती वेगळं काढाच.

याचं कारण गोधडी पहिल्यांदा धुतली की कळतं. नव्या कोऱ्या पॉपलिनला विरलेल्या लुगड्याचा तुकडा जोडलात, तर ओली गोधडी दांडीवर टाकल्यावर सगळं वजन शिवणीवर येतं आणि फाटतं ते विरलेलं. शिवण शाबूत राहते, तिच्या शेजारून कापड जातं. मग त्यावर ठिगळ लावायचं, तेही पुन्हा जोरदार कापडाचं, आणि पुढच्या धुण्यात त्याच्याही शेजारून फाटतं. म्हणून जुन्याला जुनं आणि नव्याला नवं.

सुती कोणतं आणि टेरिकॉट कोणतं, खात्रीने कसं ओळखायचं?

मुठीत घट्ट चुरगळून दहा आकडे मोजा आणि सोडा. सुती कापडावर सुरकुत्या तशाच राहतात, टेरिकॉट पुष्कळसं सुटतं, शुद्ध पॉलिएस्टरवर काही झाल्याचंही दिसत नाही. यावर भागलं नाही तर कडेचे चार धागे ओढून जाळून बघा. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, शेजारी पाण्याचं भांडं ठेवून. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि काळा मणी बोटांनी चुरडता येतो. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं आणि निवल्यावर टणक गोळी होते, ती चुरडत नाही. टेरिकॉट जळतंही आणि गोळीही होते.

एक चकवा लक्षात ठेवा. रेयॉन म्हणजे व्हिस्कोस हेही कागदासारखंच जळतं, कारण तेही मुळात झाडाच्या लगद्यापासूनच केलेलं. पण ते भिजल्यावर दुबळं होतं. हातात ओलं धरून ओढलं की लगेच उसवल्यासारखं वाटतं. बाजारात कॉटन म्हणून घेतलेले बरेच मऊ-मऊ कुर्ते या जातीचे निघतात.

विरलेलं कापड टाकून द्यायचं का?

मुळीच नाही. जुनेरासाठी तर गोधडी जन्माला आली. मात्र ते कुठे वापरायचं हे ठरवायला हवं. तुकडा खिडकीसमोर धरा. पलीकडच्या गजांच्या रेषा स्पष्ट दिसल्या तर तो गोधडीच्या वरच्या थराला नको, आतल्या थरात जाऊ द्या. तिथे त्याच्यावर ताण येत नाही आणि मऊपणा मात्र पुरेपूर मिळतो. दोन्ही हातांनी धरून हलका झटका दिल्यावर फाटलं, तर आतल्या थरालाही नको.

एकच कपडा सगळीकडे सारखा विरत नाही, हे कापताना फार कामाला येतं. साडी टाचेपाशी आणि बसण्याच्या भागात जाते. कमरेला आत खोचलेलं पहिलं वेढं आणि पदराच्या अलीकडचा भाग बहुधा धड असतो. शर्टाची कॉलर, कोपर आणि बगल जाते, पाठ मात्र नव्यासारखी. चादर मधोमध विरते आणि कडेला शाबूत राहते. म्हणून कपडा आख्खा एका ढिगात टाकू नका. आधी उकला, मग भाग करा. एका शर्टाची पाठ आणि बाह्या दोन वेगळ्या ढिगांत गेल्या तर बिघडत नाही.

कापायच्या आधी धुवायचं की शिवून झाल्यावर?

आधी. नेहमी आधी. कोऱ्या सुती कापडाला खळ असते, ती निघते. आटायचं ते आटून घेतं. आणि रंग जाणारा असेल तर तो तुमच्या गोधडीवर जाण्याआधी बादलीत जातो. माझ्या दुसऱ्याच वाकळीत मी गडद लाल कापडाचे आठ तुकडे न धुता लावले होते. धुतल्यावर सगळी पांढरी मलमल गुलाबी झाली, तीही सारखी गुलाबी नाही, ढगाढगांची. ती वाकळ अजून वापरात आहे, पाहुणे आले की उलटी अंथरते.

शंका असलेला तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. रुमालावर डाग उमटला तर तुकडा पुन्हा धुवा, तीनदा धुवूनही उमटत राहिला तर सरळ बाजूला काढा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. कारखान्यात रंगवलेल्या सुती कापडाचा सुटणारा रंग त्याने बसत नाही. जो काही फरक दिसतो तो जादा रंग धुऊन गेल्याचा असतो.

लहान तुकडे सुटे धुवू नका, धाग्यांचा गुंता होतो. उशीच्या अभ्र्यात भरून तोंड बांधा आणि मग धुवा.

मऊ पडलेलं कापड कापताना सरकतं. काय करू?

पेज. भाताची पातळ पेज गाळून घ्या, त्यात तुकडे बुडवा, पिळा, सावलीत वाळवा आणि थोडे दमट असताना इस्त्री करा. कागदासारखे ताठ होतात, रेघ सरळ ओढता येते आणि कात्री इकडेतिकडे जात नाही. शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात खळ निघून जाते. फक्त पेज लावलेले तुकडे साठवून ठेवू नका. कसर आणि झुरळं त्यांच्यावर तुटून पडतात. जेवढे या आठवड्यात शिवणार तेवढ्यांनाच लावा.

फाडायचं की कापायचं?

साडी, धोतर, चादर, मांजरपाट असलं साध्या विणीचं सुती कापड फाडावं. कडेला अर्ध्या इंचाचा चीर द्या आणि दोन्ही हातांनी टर्रकन ओढा. कापड आपल्या धाग्यानेच फाटतं, त्यामुळे कड नेमकी सरळ येते. डोळ्यांनी एवढी सरळ रेघ कुणालाच कापता येत नाही. त्याची किंमत अशी की दोन्ही कडांचा दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच भाग ताणून लाटेसारखा होतो. मापात तेवढं जास्त धरा आणि इस्त्रीने दाबून बसवा.

विरलेलं कापड फाडू नका, ते मनाला येईल तिकडे जातं. खण, रेशीम आणि होजिअरी अर्थातच कात्रीने.

‘धागा बघून काप’ म्हणतात, म्हणजे काय?

कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा. काठ ज्या दिशेने जातो ती ताण्याची दिशा. तुकडा उभा ओढून बघा, जवळजवळ ताणत नाही. आडवा ओढा, थोडा देतो. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे तिरका ओढा, रबरासारखा लांबतो. ही तिरकी दिशा म्हणजे उरेब. गळपट्टी शिवणाऱ्यांची ती मैत्रीण आणि गोधडी शिवणाऱ्यांची वैरीण. चौकोनाची कड उरेब पडली की शिवताना ती लांबते, शेजारच्याशी जुळत नाही, आणि शेवटी गोधडीला मधे फुगा येतो.

काठ नसलेल्या चिंधीत धागा शोधायचा तर एका कडेचा एकच धागा सुईने उचकून ओढा. तो जिथून निघतो तिथे बारीक रेघ दिसते. त्या रेघेवर पट्टी ठेवा.

छापील नक्षीवर विसंबू नका. स्वस्त छापील कापडावर चौकडा किंवा रेघा धाग्याला तिरक्या छापलेल्या असतात. अशा वेळी धाग्याप्रमाणे कापलं तर नक्षी वाकडी दिसते आणि नक्षीप्रमाणे कापलं तर कापड वाकडं होतं. मी धाग्याच्या बाजूची. वाकडी नक्षी महिन्याभरात डोळ्यांना सवयीची होते.

कोणत्या मापाचे तुकडे कापून ठेवावेत?

इथे माझं मत ठाम आहे: दोनच मापं ठेवा आणि ती एकमेकांत बसणारी हवीत. सगळ्या बाजूंनी पाव इंच म्हणजे दोन सूत माया (शिवणीत जाणारी कड) धरून मी साडेपाच इंचांचे आणि तीन इंचांचे चौकोन कापते. साडेपाचाचा शिवल्यावर पाच इंच उरतो. तीन इंची चौकोन शिवल्यावर अडीचचा होतो, म्हणजे असे चार जोडले की बरोबर एका मोठ्याची जागा भरते. मोठी चिंधी आली की मोठा चौकोन, लहान आली की लहान, आणि कुठलाही तुकडा कुठेही बसतो.

चौकोन निघणार नाहीत अशा लांबट पट्ट्यांचं मोजमाप करूच नका. एखाद्या विरलेल्या सुती तुकड्यावर त्या एकीला लागून एक शिवत जा, तुकडा भरला की त्यातून साडेपाचाचा चौकोन कापा. खालचं विरलेलं आधाराला राहतं. माझ्या गोधड्यांतले लोकांना आवडणारे चौकोन बहुतेक हेच असतात, आणि त्यात टाकाऊतल्या टाकाऊ पट्ट्या गेलेल्या असतात.

हाताने शिवणार असाल तर माया पाव इंचाऐवजी तीन सूत ठेवा आणि चौकोन त्या हिशेबाने मोठे कापा. मापाचा साचा लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा करा. वीस-पंचवीस चौकोनांनंतर त्याची कड झिजते आणि माप हळूहळू कमी होत जातं, म्हणून एकदम चार साचे करून ठेवा. खुणेला खडू नसेल तर अंघोळीच्या साबणाची वाळलेली चिपटी उत्तम, गडद कापडावर तर खडूपेक्षाही बरी.

एका गोधडीला किती तुकडे आणि किती साड्या लागतात?

पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब अशी एका माणसाची ऐसपैस गोधडी धरू. पाच इंची चौकोन आडवे १२ आणि उभे १८, म्हणजे २१६. माया धरून कापड लागतं सव्वाचार चौरस मीटर. शर्टाच्या जाडीचं सुती कापड चौरस मीटरला साधारण १०० ते १२० ग्रॅम भरतं, तेव्हा वरच्या थराला अर्धा किलोच्या आसपास चिंध्या झाल्या. कापताना वाया जाईल ते धरून पाऊण किलो जमवा. मोठ्या मापाच्या पुरुषी शर्टाच्या पाठीतून १६ ते २० चौकोन निघतात, यावरून अंदाज येईल.

आतल्या थरांना साडी उभी लावायला गेलात तर फसाल, कारण पन्हा म्हणजे साडीची रुंदी ४५ इंचांची आणि गोधडी ६० इंचांची. साडी आडवी लावा. पाच-पाच फुटांचे दोन तुकडे करा आणि काठाला काठ लावून ठेवा: ४५ आणि ४५ मिळून ९०, म्हणजे साडेसात फूट. एक थर दहा फुटांत झाला. सहावारीत (१८ फूट) एक थर होऊन ८ फूट उरतं, नऊवारीत (२७ फूट) दोन थर होऊन ७ फूट. दोन सहावारींची उरलेली आठ-आठ फुटं मिळून तिसरा थर निघतो. थंडीच्या गोधडीला आत चार थर पुरे. त्याहून जाड केली तर उचलून धुणं आणि वाळवणं दोन्ही कठीण, आणि सुईही जाईनाशी होते.

कात्री घ्यावी की ते गोल पात्याचं कटर?

फिरत्या पात्याचं कटर ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ मध्ये काढलं. परदेशात त्याच्याशिवाय कुणी चौकोन कापत नाही. ४५ मिलिमीटर पात्याचं घ्या. पण त्याच्यासोबत खास चटई आणि जाड पारदर्शक पट्टी घ्यावीच लागते; फरशीवर चालवलंत तर पातं पहिल्याच दिवशी संपलं. आणि ते वस्तऱ्याइतकं धारदार असतं. लहान मुलं असलेल्या घरात झाकण लावल्याशिवाय हातातून खाली ठेवायचं नाही.

धड कापडाच्या चार घड्या एकदम कापायच्या असतील तर ते सोन्यासारखं. वेड्यावाकड्या चिंध्यांवर मात्र मी कात्रीच चालवते, कारण प्रत्येक चिंधी वेगळी, तिच्यासाठी पट्टी फिरवण्यात वेळ जातो. नऊ-दहा इंची कात्री, तिने कागद कापायचा नाही, आणि घरातल्या कुणालाही कापू द्यायचा नाही.

माझ्या चिंध्या इतक्या वेड्यावाकड्या आहेत की चौकोन निघतच नाहीत.

मग चौकोन काढू नका. उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यातल्या पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगिजांच्या गोव्यातून गुलामगिरी झुगारून या जंगलात आले. घरात आजही कोकणी बोलतात. त्यांची रीत आपल्या मोजून कापण्याच्या अगदी उलट आहे. खाली एक आख्खी साडी अंथरतात आणि कडेपासून सुरुवात करतात. तुकडा जसा असेल तसा ठेवायचा, त्याची कड बोटाने आत दुमडायची आणि धावदोरा घालत पुढे जायचं. पुढचा तुकडा आधीच्यावर थोडा चढवायचा. कडेने फिरत फिरत टाके मध्याकडे येतात. कापणं जवळजवळ नाहीच. फार तर एखादं टोक छाटतात. शेवटी चारही कोपऱ्यांना त्रिकोणी दुमडलेल्या तुकड्यांचं फूल लावतात. फूल नसेल तर कवंदी उघडी वाटते, असं मानतात.

आपल्याकडच्या जुन्या वाकळींतही कडेकडेने आत येणारा चौकोनी दोरा दिसतो. तेव्हा वेड्यावाकड्या ढिगासाठी ही रीत बिनदिक्कत उचला. निवड मात्र इथेही तीच: जोरदार तुकडे कडेला, कारण ओढाताण तिथेच होते, आणि मऊ तुकडे मधे.

त्रिकोण कापावेत का, असंही विचारलं जातं. त्रिकोणाची एक बाजू उरेबच पडते. दोन रंगांचे चौकोन एकावर एक ठेवा, तिरक्या मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवून घ्या आणि मगच रेघेवर कापा. उरेब कड हाताला लागण्याआधीच शिवणीत बांधली जाते.

इरकल, खण, पैठणी गोधडीत चालते का?

इरकलचा पदर आणि अंग हे दोन वेगळे जीव आहेत. पदराचा ताणा रेशमी किंवा नकली रेशमी, अंगाचा बहुधा सुती, आणि दोन्ही मागावरच एकमेकांत गुंफलेले. त्या सांध्यावरून तुकडा काढू नका. पदर वेगळा, अंग वेगळं. अंग सुती ढिगात सुखाने जातं. लाल पदराची रंगपरीक्षा केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खण हे मूळचं बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं कापड. दिसायला देखणं, पण कात्री लागताच कडा दशा सोडतात. माया दुप्पट ठेवा, म्हणजे अर्धा इंच, आणि कापल्या कापल्या कडेला मशीनचा एक टाका मारा. रोजच्या गोधडीपेक्षा भिंतीवर लावायच्या तुकड्यात किंवा उशीच्या अभ्र्यात तो अधिक शोभतो.

जुनी पैठणी किंवा शालू कापण्याआधी थांबा. जरतार चांदीची असेल तर ती सराफाला दाखवा. नुसत्या जरीचेही पैसे येतात. जुनं रेशीम घडीवर चिरतं, म्हणून घडीच्या रेषा टाळून मधले तुकडे घ्या आणि मागे मलमलचं अस्तर लावा.

जीन्स आणि टीशर्ट?

जीन्सची गोधडी करायची तर सबंध जीन्सचीच करा, आत फक्त एक थर द्या, अंथरायला मस्त होते. मशीनला १६ किंवा १८ नंबरची सुई. मलमलशेजारी जीन्स नको. टीशर्टच्या मागे इस्त्रीने चिकटणारं अस्तर किंवा कच्च्या टाक्याने सुती तुकडा बसवून मगच कापा. नाहीतर आतल्या थरात टाका.

टेलरकडून मिळणाऱ्या चिंध्या घ्याव्यात का?

घ्याव्यात, पण निवडून. ब्लाउज शिवणाऱ्यांकडे रुबियाचे तुकडे मिळतात. टू बाय टू म्हणतात ते हेच. उभा आणि आडवा दोन्ही धागे दुहेरी पिळाचे असतात, म्हणून टिकतं आणि रंगही असंख्य मिळतात. आता टू बाय टूच्या नावाखाली मिश्र कापडही येतं, तेव्हा धागा जाळून बघाच. ब्लाउजच्या सुती अस्तराचे तुकडे तर कुणी मागतच नाही, ते आतल्या थराला फार छान. मुंढ्याच्या आकाराचे अर्धगोल निघतात, त्यातून तीन इंची चौकोन काढा आणि बाकी सोडा.

पोत्यातली टाचणी आणि तुटकी सुई यांच्यासाठी आधी सगळ्यावरून लोहचुंबक फिरवा. हे मी एकदा केलं नव्हतं आणि अंगठ्याने लक्षात ठेवलं.

बाळाच्या दुपट्यासाठी वेगळं काही बघावं लागतं का?

फक्त सुती आणि फक्त धुवून धुवून मऊ झालेलं. आजीची साडी, आजोबांचं धोतर. बटण, टिकली, जर, लेस काही नको. चौकोन मोठे ठेवा, म्हणजे शिवणी कमी आणि टोचणंही कमी. कापताना जुन्या शिवणीच्या गाठी आणि काठाचा जाड भाग काढून टाका.

एक गोष्ट आवर्जून सांगते. डांबरगोळ्यांत ठेवलेलं कापड बाळासाठी घेऊ नका. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी त्या वाफेने फुटू शकतात आणि जोराची कावीळ होते. कमतरता आहे की नाही हे घरी कळत नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत सैल दुपटं पांघरू नये, तोंडावर येतं. मांडीवर घ्यायला आणि जाग्या बाळाला खाली अंथरायला ते असू द्या.

पावसाळ्यात चिंध्यांना कुबट वास येतो.

प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडल्या की येणारच. सुती पिशवी किंवा जुन्या अभ्र्यात ठेवा. ज्येष्ठ लागण्याआधी एकदा कडक उन्हात पसरा आणि पूर्ण निवल्यावरच भरा. गरम भरल्या तर आत घाम सुटतो. कोकणात राहणाऱ्यांनी आषाढ-श्रावणात कापून ठेवूच नये, नुसतं शिवावं. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून मधे ठेवला की कसर लांब राहते.

अगदी बोटभर उरलेल्या तुकड्यांचं काय?

दीड इंचाच्या खालचं मी कापडात धरत नाही. सुती असेल तर काकड्याला, म्हणजे समईच्या वातीला नाही, काकड आरतीच्या जाड वातीला. त्यात पॉलिएस्टरचा एकही तुकडा जाऊ देऊ नका, वितळून पेटता थेंब गळतो. बाकी लोडात, बाहुलीत, पायपुसण्यात.

अमेरिकेत राहते. इथे कापलेल्या तुकड्यांची पाकिटं मिळतात. ती वापरून गोधडी होईल का?

होईल. पाच इंची चौकोनांची पाकिटं आणि अडीच इंची पट्ट्यांच्या गुंडाळ्या मिळतात, कापड चांगलं सुती असतं, मायाही तिकडे पाव इंचच धरतात. फक्त ते धुतलेलं नसतं, आणि इतके छोटे तुकडे धुतले की कडा उसवून माप जातं. तेव्हा ती पाकिटं सगळी एकत्र एकाच गोधडीत वापरा, घरच्या धुतलेल्या साडीत मिसळू नका. आईची साडी आत थर म्हणून घाला. आणि आत कापसाचा तयार थर घालणार असाल तर टाके किती अंतरावर घालायचे ते त्याच्या वेष्टनावर वाचा. आपल्या साड्यांच्या थराला तसं बंधन नसतं.

मग रंगांचं काय?

गडद आणि फिका एवढेच दोन ढीग. मोबाइलवर काळापांढरा फोटो काढा, कोणता कुठला ते लगेच कळतं. गडदाशेजारी फिका येईल असं मांडा, बाकी रंग आपापसात बघून घेतात. साताऱ्याकडच्या वाकळी कुणी रंगजुळणी शिकून शिवल्या नव्हत्या.

आई गेली. तिच्या साड्या गोधडीसाठी काढल्यात, पण कात्री लावायचा धीर होत नाही.

हा प्रश्न वर्षातून चार-पाच जणी तरी विचारतात, आणि बहुतेकींच्या साड्या दोन-दोन वर्षं तशाच पडून असतात. घाई करू नका, पण लोखंडी कपाटात घडीवर घडी ठेवून वाटही बघू नका. सुती साडी घडीवरच पिवळी पडते आणि रेशमी चिरते. दर दोन महिन्यांनी घडी बदला.

आणि कापावीच लागते असं कुठे आहे? साडी न कापता आतल्या थरात दुमडून घालता येते. पाच फुटांवर कात्रीऐवजी घडी घाला, वरून टाका जाऊ द्या. साडी आख्खी आत राहते आणि कधी उसवलीत तर आख्खी बाहेर येते. माझ्या आत्याबाईंनी मोठ्या जाऊबाईंचं हिरवं लुगडं असंच घातलं होतं. वरून दिसत नव्हतं. पण पांघरूण देताना कुणाला कुठली बाजू द्यायची हे त्यांना माहीत असायचं.

कापायचंच ठरलं तर पहिली कात्री तिच्या साडीला नको. आधी त्याच मापाचे दहा चौकोन दुसऱ्या कशाचे तरी कापा, हात बसू द्या. मग तिच्या साडीचा फाटका भाग आधी काढा, तो कापायला मनाला कमी जड जातो. पदर शेवटी, आणि तो नाही कापलात तरी चालेल. वाटणीची गोधडी करायची असेल, म्हणजे भावंडांत तीन-चार, तर सगळ्या साड्या आधी कापून चौकोन समान वाटून घ्या आणि मग ज्याने त्याने शिवावं. गोधडी शिवल्यावर वाटायला बसलात तर आवडती साडी कुणाकडे गेली यावरून कुरबुर होते. झालेली पाहिली आहे.

कात्रीला धार किती दिवसांनी लावायची?

कापड पात्यांत दुमडायला लागलं की त्याच दिवशी. कापड कापायची कात्री आहे हे धार लावणाऱ्याला सांगा, नाहीतर तो विळीसारखी घासून देतो. आल्यावर विरलेल्या मलमलच्या तुकड्यावर टोकापर्यंत चालवून बघा. टोकाशी अडकली तर पैसे देण्याआधी परत द्या.